मेलेली गाय मोजलीत, आता जगलेल्या गायीचा हिशेब घ्या

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी संगमनेर तालुक्यातल्या, प्रवरेच्या काठच्या एका गावात प्राथमिक दूध संस्थेचा सचिव आहे. सचिव हा शब्द ऐकायला मोठा आहे. काम असं की पहाटे सहाला शटर वर करायचं, काटा आणि फॅटचं मशीन लावायचं, येईल त्याची किटली ओतून घ्यायची, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), डिग्री (दुधात पाणी आहे का ते सांगणारा आकडा) बघायची आणि पावती फाडून द्यायची. संध्याकाळी पुन्हा तेच. दर दहा दिवसांनी पगार वाटायचा. (दुधाच्या बिलाला आमच्याकडे पगारच म्हणतात. नोकरी नसलेल्या माणसाला महिन्यातून तीनदा पगार होतो, असं आमचे एक संचालक हसत सांगायचे. २०२२ नंतर त्यांनी ते सांगणं सोडलं.)

या कामाची एक खोड लागते. माणसं नावापेक्षा कोड नंबरने ओळखीची होतात. कोड १२ आला नाही म्हणजे घरी पाहुणे आहेत, कोड ८० चं दूध दोन लिटरने वाढलं म्हणजे कालवड व्याली, कोड ३१ ची डिग्री पडली म्हणजे विचारायला नको. कुणाच्या घरात काय चाललंय हे तलाठ्याच्या आधी आम्हाला कळतं. या पत्रातही मी कुणाचं नाव घेणार नाही, कोड नंबरच वापरीन.

पत्राचं निमित्त साधं आहे. मध्यंतरी एक कर्मचारी कसलीशी जुनी माहिती भरायला गावात आले होते. संस्थेत येऊन त्यांनी विचारलं, ''लंपीत तुमच्या गावात किती जनावरं गेली?'' लंपी म्हणजे गायीच्या अंगावर गाठी उठवणारा विषाणूचा रोग. मी आकडा सांगितला. त्यांनी तो रकान्यात लिहिला, चहा घेतला आणि गेले. पुढचा रकानाच त्यांच्या कागदावर नव्हता. मी मात्र त्या रात्री कपाटातून सप्टेंबर २०२२ चं रजिस्टर काढून बसलो. गावात गाय न गमावलेली घरंच जास्त होती, आणि सगळ्यात मोठा खड्डा त्याच घरांच्या पानांवर पडलेला दिसला.

त्यातलं एक पान उघडून दाखवतो.

कोड ४७. बाई एकट्या गोठा बघतात, मुलगा पुण्यात कंपनीत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्या दावणीला दुधात एकच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय होती. दुसरी भाकड, तिसरी कालवड. त्यामुळे रजिस्टरमधला त्यांचा आकडा म्हणजे त्या एका गायीचाच आकडा, म्हणून हे पान निवडलं. गाय एप्रिलमध्ये व्यालेली, जुलैत पुन्हा भरवलेली, दोन महिन्यांची गाभण. महिन्याच्या सुरुवातीला सकाळी ९ आणि संध्याकाळी ७, असं १६ लिटर दूध. चौथ्या दिवशी संध्याकाळी ५. पाचव्या दिवशी दोन्ही वेळचं मिळून ४ लिटर. अंगावर गाठी त्यानंतर उठल्या. पायाला सूज आली, गाय बसली की उठेना. दोन दिवस संध्याकाळचा रकाना रिकामा आहे.

त्या महिन्यात गायीकडून ४८० लिटर यायला हवं होतं, आलं २३०. म्हणजे २५० लिटर गेलं. गाय वाचली. पण दूध काही वर चढलं नाही. व्यालेल्या गायीचं दूध दिवसागणिक उतरतं हे मला ठाऊक आहे, ते उतरणं धरूनसुद्धा ऑक्टोबर ते जानेवारी या १२३ दिवसांत रोजचं सरासरी ४ लिटर कमीच राहिलं. ते झालं ४९२ लिटर. दोन्ही मिळून ७४२ लिटर. तेव्हा आमच्याकडे लिटरला ३५ रुपये पडत होते. २५,९७० रुपये.

डॉक्टर, सलाइन, इंजेक्शनं, जखमांचं मलम, गोचिडाचं औषध मिळून ७,४०० रुपये. हा आकडा त्यांच्या वहीतला आहे. त्यांनी विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गूळ वाटून लाडूही चारले. एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने) सुचवलेला तो उपाय त्या वेळी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. तो खर्च मी धरला नाही.

आता सगळ्यात महागाची गोष्ट. गाय गाभडली, म्हणजे गर्भ पडला. पुन्हा माजावर यायला जानेवारी उजाडला, दोनदा उलटली (भरवूनही गाभ राहिला नाही), मार्चच्या मध्यावर गाभ राहिला. एप्रिल २०२३ मध्ये व्यायची गाय डिसेंबर २०२३ अखेर व्याली. फेब्रुवारी ते एप्रिल तिने जे थोडंथोडकं दूध दिलं त्यात तिचा खुराक भागला, तो हिशेब मी बरोबरीत सोडला. मे महिन्यात ती आटली. व्यायच्या आधीचे दोन महिने गाय भाकड असतेच, तेही वगळतो. उरले मे ते ऑक्टोबर, १८४ दिवस. भाकड गायीला वैरण, थोडी पेंड, मिनरल मिक्श्चर धरून दिवसाला १५० रुपये लागतात. २७,६०० रुपये.

बेरीज ६०,९७०. आजारात गाय खात नव्हती, तेवढी पेंड वाचली. त्याचे २,००० वजा करा. ५८,९७० रुपये. त्या वर्षी एप्रिलपासून तिने नव्या वेताचं जे दूध दिलं असतं ते मी धरलेलंच नाही. धरलं तर आकडा कुठे जातो ते आपल्याकडचे अर्थशास्त्राचे लोक सांगतील.

शासनाने २०२२ मध्ये लंपीने मेलेल्या दुधाळ गायीला ३०,००० रुपये दिले, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. कोड ४७ ला काही मिळालं नाही, कारण त्यांची गाय जगली. गाय मेली असती तर बरं झालं असतं, असं कुणी म्हणणार नाही. ऐंशी हजारांची गाय होती आणि त्यांचा तिच्यावर जीव आहे. पण शासनाच्या कागदावर त्यांचं नुकसान शून्य आहे. एकोणसाठ हजारांचं शून्य.

आता तुमच्या खात्याचं जे चांगलं, तेही लिहितो, नाहीतर पत्र नुसतं रडगाणं वाटेल. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात रावेरकडे रोग दिसला आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत राज्यातल्या बहुतेक गोवर्गाला लस टोचून झाली. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून १ कोटी ३९ लाख होते. इतक्या जनावरांना, पावसात, इतक्या कमी माणसांनी आणि एक पैसा न घेता लस देणं ही साधी गोष्ट नव्हती. राजस्थानात त्याच काळात काय झालं त्याचे व्हिडिओ आम्ही पाहिले होते. आमच्या दवाखान्याचे पशुधन पर्यवेक्षक तेव्हा रात्री दहाला जेवायचे, मी साक्षीदार आहे.

पण तारखा बघा. हा रोग १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात पहिल्यांदा दिसला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आला. २०२० मध्ये गडचिरोलीमार्गे आपल्या राज्यात शिरला आणि विदर्भातल्या गोठ्यांत फिरला. म्हणजे आमच्या पश्चिमेकडच्या दूधपट्ट्यात यायला त्याने आणखी दोन वर्षं घेतली. शेळ्यांच्या देवीची लस गायींना चालते, हे तोवर माहीत झालेलं होतं. तरी आमच्या गावात लस आली ती कोड ४७ च्या गायीला ताप भरल्यावर. आधी नियम होता बाधित गावापासून ५ किलोमीटरच्या आतल्या निरोगी जनावरांना टोचायचं. डास, गोमाशा आणि गोचीड यांना ते ५ किलोमीटर कुणी मोजून दिले होते? उसाचे ट्रॅक्टर, कडब्याचे ट्रक, ऊसतोड मजुरांचे बैल, सगळं याच रस्त्यांवरून जातं. टोचल्यावर अंगात ताकद यायलाही दोन-तीन आठवडे लागतात. पावसाळ्यात माशी उठल्यावर लस द्यायची म्हणजे पूर आल्यावर बांध घालायचा.

विदर्भात २०२० मध्ये गायी मेल्या कमी, म्हणून राज्याच्या डोळ्यांवर तो रोग आला नाही, असं मला वाटतं. मेलेली जनावरं मोजायची सवय असली की न मारणारा रोग दिसतच नाही. लंपीत शंभरातली एक ते पाच जनावरं मरतात असं तुमचीच पत्रकं सांगतात. मग उरलेल्या पंचाण्णवांचं काय होतं ते पत्रकात का नसतं?

लाळ्या खुरकूताचंही तेच. त्याने मोठी गाय सहसा मरत नाही. तोंड येतं, खुरं सुटतात, सडावर फोड येतात, धार काढू देत नाही. मग कासेला दगडी (कासेची सूज) होते आणि एक सड कायमचा जातो. वासरू दूध पिता पिता कोसळतं, हृदयच बसतं त्याचं. आणि आजारातून उठलेली एखादी गाय पुढे आयुष्यभर धापते. उन्हाळ्यात सावलीतसुद्धा जीभ बाहेर, अंगावर केस वाढलेले. धापेची गाय बाजारात कुणी घेत नाही आणि दावणीला परवडत नाही. तिचा पंचनामा कोण करणार? तिवा तर विचारूच नका. तीन दिवसांचा ताप, गाय लंगडते, चौथ्या दिवशी उभी राहते आणि दूध मात्र पुढचे कित्येक दिवस जागेवर येत नाही. तोही विषाणूच. पावसाळ्यात आमच्या रजिस्टरात दरवर्षी तिव्याची पानं दिसतात. तुमच्या कुठल्या नोंदीत तो असेल असं मला वाटत नाही.

खुरकूतासाठी केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेतून मोठा कार्यक्रम सुरू केला. खुरकूत आणि ब्रुसेला या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटी रुपये, २०२५ पर्यंत आटोक्यात आणायचा आणि २०३० पर्यंत घालवायचा. वर्षातून दोनदा लस. चांगलं आहे. पण गावात लस टोचायला आलेली माणसं सकाळी अकराला येतात. तेव्हा बाया खुरपणीला आणि गायी रानात, बांधाला. कोड ६५ मला म्हणाला, ''नाना, लस टोचली की चार दिवस दूध कमी होतं, ते चार दिवस कोण भरून देणार?'' मी त्याला समजावलं, चार दिवसांच्या चार-पाच लिटरला घाबरून तू चार महिन्यांचं दूध घालवशील. त्याला पटलं. पण पटवायला रजिस्टर उघडावं लागलं. हे रजिस्टर लस टोचणाऱ्याच्या हातात असतं तर?

आता मूळ मुद्द्यावर येतो.

तुम्ही म्हणाल, मेलेली जनावरं मोजता येतात, पंचनामा होतो, फोटो निघतो. जगलेल्या गायीचं घटलेलं दूध कोण मोजणार? शेतकरी काहीही सांगेल. हा प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की ते मोजलेलं आहे. रोज दोनदा मोजलं जातं आणि तुमच्याच शासनाने ते एकदा मागवून वापरलेलंही आहे.

जानेवारी २०२४ मध्ये दुधाचे भाव पडले तेव्हा शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. त्यासाठी आमच्याकडून काय मागितलं ते आठवा. शेतकऱ्याचं आधार, बँक खातं, रोजचं लिटर, फॅट, एसएनएफ आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर. सहकारी संस्थांनीही भरलं, खासगी डेअऱ्यांनीही भरलं. किती रात्री जागलो ते सांगत नाही. कानातला बिल्ला तुटलेल्या गायींची यादी करताना आमच्या संगणकवाल्या पोराला ताप आला होता. पुढे १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही, सरकारी दवाखान्याची सेवा नाही, असाही नियम झाला. बिल्ला आहे, खातं आहे, रोजचं लिटर आहे. अनुदान देताना हे सगळं एका ओळीत बसलं. मग रोगाच्या वेळी ही ओळ कुठे जाते?

तीच ओळ उलटी वाचा. सप्टेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गावात लंपीची पहिली नोंद दवाखान्यात झाली. त्याच्या सहा दिवस आधी, मळ्याच्या वाटेवरच्या तीन घरांचं दूध, कोड ४४, ४७ आणि ५२, तीन दिवसांत निम्म्यावर आलं. तिघांचे गोठे एकमेकांना लागून. मला ते तेव्हा दिसलं. मी कोड ५२ ला टोमणाही मारला, ''काय, दुसऱ्या डेअरीला घालताय की काय?'' आज ते आठवलं की लाज वाटते. मला कळायला हवं होतं, पण सांगायचं कुणाला हेही माहीत नव्हतं. आता १९६२ हा नंबर आहे, फिरता दवाखाना आहे. तो नंबर शेतकरी आपली गाय पडल्यावर लावतो. तीन गोठ्यांचं दूध एकदम पडलं म्हणून संस्थेचा सचिव लावू शकेल, असा रकाना तुमच्या व्यवस्थेत अजून नाही.

दूध पडायला दहा कारणं असतात हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. दिवाळीत घरोघरी दूध ठेवतात. लग्नसराईत खवा होतो. मुरघासाची बॅग संपली की पडतं, उन्हाची तिरीप वाढली की पडतं, शेजारच्या डेअरीने पन्नास पैसे जास्त दिले तर एका रात्रीत पडतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की एका गल्लीतली तीन-चार खाती एकाच आठवड्यात तिसऱ्या हिश्श्याने उतरली तर संगणकाने तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला एक निरोप धाडावा आणि त्याने आम्हाला एक फोन करावा. ''नाना, काय आहे?'' मी सांगीन, जत्रा आहे. किंवा सांगीन, साहेब, या. विषाणूच्या बाबतीत सहा दिवस म्हणजे किती गोठे, हे तुम्हाला मी शिकवावं असं नाही.

दुसरं मागणं पैशाचं. ते अवघड आहे, ठाऊक आहे. जगलेल्या प्रत्येक गायीला एकोणसाठ हजार द्या, असं मी म्हणत नाही. राज्याची तिजोरी मीही वर्तमानपत्रात वाचतो. पण ज्या गायीचा आजार तुमच्याच डॉक्टरने बिल्ल्याच्या नंबरावर नोंदवला आहे आणि जिच्या मालकाचं दूध संस्थेच्या किंवा डेअरीच्या नोंदीत ठरावीक प्रमाणाबाहेर घटलं आहे, तिला दोन-तीन महिन्यांचा खुराक निघेल एवढी तरी मदत बसवता येईल की नाही, याचा हिशेब तरी करून बघा. विम्यालाही हेच सांगा. विमा गाय मेल्यावर पैसे देतो, काही पॉलिसींत कायमची निकामी झाल्यावर. गाभडली, उलटली, वर्षभर भाकड राहिली, याला विमा नाही. आमच्या धंद्यात गाय मेल्याने माणूस एकदा पडतो, भाकड गायीमुळे दर दहा दिवसांनी पडतो.

या मदतीचा एक फायदा तुमच्या खात्यालाही आहे, तो पैशापेक्षा मोठा आहे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे रोग दिसला की मालकाने कळवायचं असतं. कळवल्यावर काय होतं? भाग नियंत्रित जाहीर होतो, जनावरांची ने-आण बंद, बाजार बंद. ते करावंच लागतं, मला मान्य आहे. २०२२ मध्ये काष्टी, घोडेगाव, लोणी, सगळे बाजार थंड पडले. कोड १८ ला मुलीच्या लग्नासाठी दोन गायी काढायच्या होत्या, त्याला सावकाराकडे जावं लागलं. म्हणजे रोग कळवणाऱ्याच्या पदरात पडते ती फक्त बंदी. मग लोक कळवत नाहीत. रात्री गाय पाहुण्याच्या गावी नेऊन बांधतात आणि रोग त्या गावी पोचतो. कळवणाऱ्याच्या हातात काहीतरी पडणार आहे हे माहीत झालं तर दवाखान्यासमोर रांग लागेल.

आमच्या बाजूची एक काळी गोष्टही लिहितो, कारण ती तुम्हाला इतर कुणी सांगणार नाही. आजारी गायीला अँटिबायोटिक दिल्यावर काही दिवस ते दूध संस्थेत घालायचं नसतं. पावतीच्या मागे आम्ही छापलेलं आहे. २०२२ च्या पावसाळ्यात सगळ्यांनी ते पाळलं, असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. काही किटल्या मी परत पाठवल्या, काही माझ्या नजरेतून सुटल्या असतील. दिवसाला चारच लिटर निघतंय, घरात किराणा दुधाच्या पगारावर येतो, त्यातलं दोन लिटर मोरीत ओतायला मन होत नाही. त्याच दिवसांत शहरात अफवा उठली की लंपीच्या गायीचं दूध पिऊन माणसाला रोग होतो. तो रोग माणसाला होत नाही आणि उकळलेल्या दुधात तो विषाणू उरत नाही, हे तुमच्या खात्याने पुन्हा पुन्हा सांगितलं, ते बरं केलं. पण खरी भीती अफवेतल्या विषाणूची नव्हती, औषधाच्या अंशाची होती, आणि तिच्याबद्दल कुणीच बोललं नाही. ओतून दिलेल्या दुधाची भरपाई असती तर मी सगळ्या किटल्या परत पाठवल्या असत्या. असं मला वाटायला आवडतं.

लसीच्या वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. लंपीची लस पाऊस पडायच्या आधी संपलेली असावी, एप्रिल-मे मध्ये. २०२३ च्या पावसाळ्यात रोग परत आला तेव्हा त्याने वासरांना जास्त गाठलं, कारण त्यांचा जन्म आधीच्या लसीकरणानंतरचा. वासरांची यादी कुणाकडे आहे? आमच्याकडे. दूध अचानक वाढलं म्हणजे गाय व्याली, चार महिन्यांनी वासरू लसीला आलं. यादी देतो, फुकट देतो. टोचायला येणाऱ्यांनी सकाळी सात वाजता संस्थेत यावं, तेव्हा सगळं गाव किटली घेऊन तिथेच असतं. तिथून कुणाच्या मागून कुणाच्या गोठ्यात जायचं ते मी लावून देईन. अकराला आलात तर कुलपं भेटतील.

हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी खास लंपीसाठी लस तयार केली, ती ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली आणि डिसेंबरमध्ये तिचं तंत्रज्ञान तुमच्या औंधच्याच जैव उत्पादन संस्थेला द्यायचा करार नागपुरात झाला. तेव्हा आम्ही संस्थेच्या फळ्यावर बातमी चिकटवली होती. कोड ४७ ने वाचून विचारलं, ''आपल्याकडे कधी?'' मी म्हणालो, पुढच्या पावसाळ्याआधी. ते कात्रण मी अजून काढलेलं नाही. त्या लसीचं पुढे कुठवर आलं, हे खात्याने दूध संस्थांना एका पानाच्या पत्राने कळवलं तरी चालेल. आम्ही तेही फळ्यावर लावू.

कोड ४७ ची गाय सध्या दुधात आहे. अंगावर गाठींचे व्रण आहेत, एका जागी केस आलेच नाहीत. परवा सकाळी तिचं ११ लिटर होतं. बाई आता तीनही गायींचं दूध वेगवेगळ्या किटलीत आणतात आणि मला तीन पावत्या मागतात. मशीनला ते आवडत नाही, एका कोडला एकच पावती निघते. उरलेल्या दोन पावत्या मी हाताने लिहून देतो.

संस्था सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सहा ते आठ उघडी असते. मशीनमध्ये मागची सगळी वर्षं आहेत, पण वीज गेली तर कागदी रजिस्टरंही ठेवली आहेत. आपण किंवा आपला कुणी माणूस आला तर २०२२ चं रजिस्टर कपाटात वरच्या फळीवर आहे, पाठीला निळी पट्टी असलेलं. सप्टेंबरचं पान दुमडून ठेवलं आहे.

आपला नम्र,
सचिव, एक प्राथमिक दूध उत्पादक संस्था,
तालुका संगमनेर, जिल्हा अहिल्यानगर